वीस रुपयांचं तिकीट

‘‘ऐकायला पण पैसं द्यायचं व्हय गं?’’

आमच्या गल्लीतल्या आक्कांनी गुलाबी कागदाचा तो तुकडा उलटसुलट करून बघितला आणि मला विचारलं. तिकीट कसलं, झेरॉक्सच्या दुकानातून आणलेला कागद कात्रीनं कापून त्यावर वाचनालयाचा शिक्का मारला होता, इतकंच. किंमत वीस रुपये. आक्का पुढे म्हणाल्या, ‘‘कीर्तन फुकट, भाषण फुकट, पुढारी तर आपल्याला गाडीत घालून ऐकायला नेत्यात. तुमचंच का इकत?’’

खरं सांगते मैत्रिणींनो, त्या क्षणी माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी आपली हसले आणि म्हटलं, ‘‘आक्का, चहा मिळणार आहे.’’ आक्कांनी कनवटीची वीसची नोट काढून दिली. चहासाठी दिली की माझ्या तोंडाकडे बघून दिली, देव जाणे. पण त्यांच्या प्रश्नाचं उत्तर मला पुढच्या काही महिन्यांत सापडत गेलं. तेच आज सांगायचं आहे.

आमचं गाव बारामती आणि इंदापूरच्या मध्ये, नीरा डाव्या कालव्याच्या काठचं. ऊस आहे, दूध आहे, बऱ्यापैकी घरं आहेत. समाजमंदिराला लागून एका खोलीत ‘ड’ वर्गाचं वाचनालय आहे आणि त्याचं काम मी बघते. ‘ड’ वर्ग म्हणजे अनुदान नावाला, जबाबदारी मात्र पूर्ण! त्या खोलीत दोन वर्षांपूर्वी पोरी अभ्यासाला येऊन बसायला लागल्या. कुणी पोलीस भरतीची तयारी करते, कुणी तलाठ्याच्या परीक्षेची, एक जण नर्सिंगची. पोरांना त्याची गरज नाही. ते मोटारसायकल काढतात, बारामतीत महिन्याचे पैसे भरून अभ्यासिकेत बसतात आणि रात्री अकराला घरी येतात. पोरींना मात्र सातच्या आत घरात! शेजारच्या घरातली एक पोर वर्षभर बारामतीच्या अभ्यासिकेत जात होती. एकदा शेवटची एसटी चुकली, पावसात दोन तास स्टॅंडवर उभी राहिली, आणि दुसऱ्या दिवसापासून तिचं जाणं बंद. बापाचा तरी काय दोष काढायचा? काळजीच तेवढी.

म्हणून ठरलं की गावातच मुलींची अभ्यासिका करायची. खोली आहेच. टेबलं, खुर्च्या, ट्यूबलाइट आणि इन्व्हर्टर यांना तीस हजार. पण खरी अडचण वेगळीच होती. तिथे संडास नव्हता. पोरी सकाळी येताना पाणी पिऊन येत नसत, दिवसभर घोटभर घेत नसत आणि दुपारी एक वाजला की पोट धरून घरी जात. शहरात बसून ‘मुलींनी मोठी स्वप्नं बघावीत’ असं लिहिणाऱ्यांना हे सांगायला पाहिजे, की आमच्याकडे स्वप्न दुपारी एक वाजता अडतं. गवंड्यानं अंदाज दिला: संडास, टाकी, पाण्याची लाइन धरून पंच्याऐंशी हजार. म्हणजे एकूण एक लाख पंधरा हजार.

ग्रामपंचायतीत गेलो. ‘‘पुढच्या आराखड्यात घेऊ’’ असं उत्तर मिळालं. सरपंचबाईंना मनापासून वाटत होतं हो, पण आराखडा काही एकट्या त्यांच्या हातात नसतो, हे तुम्हाला-आम्हाला माहीत आहे.

गावात पैसा नाही असं मात्र म्हणू नका. दरवर्षी आषाढात तुकोबारायांची पालखी बारामतीहून सणसर, बेलवाडी, निमगाव केतकी करत इंदापूरकडे जाते, तेव्हा या पट्ट्यातल्या गावांत पिठलं-भाकरीची, पुरणपोळीची जी रास लागते ती बघावी. हरिनाम सप्ताहाचं पावतीपुस्तक चार दिवसांत संपतं. मी त्याच्या विरोधात नाही. माझ्याही घरून सप्ताहाला ज्वारी जाते आणि वारकऱ्यांच्या पंगतीत वाढायला मी स्वतः असते. पण पोरींच्या संडासासाठी पावतीपुस्तक घेऊन फिरायला लागलो तर लोक आधी पुस्तकाकडे, मग आमच्याकडे बघायचे आणि म्हणायचे, ‘‘मालकांना इचारून सांगते.’’

तेव्हा व्याख्यानाची कल्पना निघाली. व्याख्यानमाला ही काही नवी गोष्ट नव्हे. पुण्यात न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली वसंत व्याख्यानमाला सुरू केली, ती आजही चालू आहे. आणि आपल्या बारामतीला तर बोलणाऱ्याला मान देण्याची त्याहून जुनी सवय. कवी मोरोपंत जन्मले पन्हाळ्याला, पण आयुष्य काढलं बारामतीत, बाबूजी नाईकांच्या आश्रयाला पुराणिक म्हणून. म्हणजे चांगलं बोलणाऱ्याच्या पोटापाण्याची सोय करावी लागते, हे या गावाला अडीचशे वर्षांपासून ठाऊक आहे! (मानधन विचारायची वेळ आली की मग आपण सगळे असे का लाजतो, कोण जाणे.)

आम्ही पहिला कार्यक्रम केला तो मात्र पार फसला. त्याची गोष्ट सविस्तर सांगते, कारण तुमच्याकडेही असंच होणार आहे.

एक नावाजलेले विनोदी वक्ते बोलवायचे ठरले. त्यांचं मानधन आमच्या आवाक्याबाहेरचं. मग कुणीतरी सुचवलं की प्रायोजक घेऊ. गावातल्याच एका पुढाऱ्यानं लगेच होकार दिला. मानधन त्यांचं, मांडव त्यांचा, स्पीकर त्यांचा. आम्हा बायकांना इतकं हलकं वाटलं म्हणून सांगू! प्रवेश अर्थातच विनामूल्य, मध्ये एक दानपेटी ठेवायची, बस्स.

कार्यक्रमाच्या दिवशी बघतो तर स्टेजमागचा फ्लेक्स वीस फुटी. त्यावर पुढाऱ्यांचा फोटो माणसाएवढा, त्यांच्या कार्यकर्त्यांचे पासपोर्टएवढे, आणि वक्त्याचं नाव खाली कोपऱ्यात. ‘अभ्यासिका’ हा शब्द शोधूनही सापडेना. साडेसहाची वेळ दिली होती, पाहुणे आले आठला. मग सत्कार. शाल, श्रीफळ, फेटा, हार. स्टेजवर बसलेले तेवीस जण, प्रत्येकाचा सत्कार, आणि सत्कार करणाऱ्याचंही नाव पुकारायचं. मी घड्याळ लावून बसले होते. एक तास दहा मिनिटं! तोवर पुढच्या सतरंजीवरच्या बायका उठायला लागल्या. कुणाच्या चुलीवर कालवण होतं, कुणाचं लेकरू पेंगुळलं होतं. वक्ते बोलायला उभे राहिले तेव्हा पुढे राहिले ते पुरुष, आणि वक्त्यांनी त्यांना साजेसे विनोद केले. म्हणजे कशावर, ते तुम्ही ओळखलंत. बायकोवर. साडीच्या खरेदीवर. बायकोच्या माहेरावर. लोक पोट धरून हसले. आम्ही आयोजक बायका भिंतीला टेकून उभ्या होतो, आम्हीही हसलो. पाहुण्यांसमोर कसं तोंड वाकडं करणार?

दानपेटीत सहाशे चाळीस रुपये निघाले. त्यात दोन फाटक्या नोटा. आमच्याच खिशातून हारफुलांना अकराशे गेले होते.

रात्री घरी आल्यावर सासूबाई म्हणाल्या, ‘‘का गं, आपुन कुणाचा कार्यक्रम केला मग?’’

शाळा न शिकलेल्या बाईनं विचारलेला हा एक प्रश्न. त्या रात्री मला झोप लागली नाही.

इथे मला आपल्या जिल्ह्यातल्याच एका बाईची आठवण काढायची आहे. पुण्याकडे जाताना दौंड तालुक्यात केडगाव लागतं. तिथलं मुक्ती मिशन पंडिता रमाबाईंचं, हे आपल्यातल्या बऱ्याच जणींना माहीत असतं. पण त्या कामासाठी रमाबाईंनी सुरुवातीचा पैसा कसा उभा केला? बोलून! १८८६ साली आनंदीबाई जोशी अमेरिकेत डॉक्टर झाल्या, त्या पदवीदानाला रमाबाई गेल्या आणि मग तिथे गावोगाव व्याख्यानं देत फिरल्या. हिंदुस्थानातल्या बालविधवांची स्थिती सांगायच्या, स्वतःचं पुस्तक विकायच्या. १८८७ मध्ये बोस्टनला रमाबाई असोसिएशन निघालं, ठिकठिकाणी लहान लहान मंडळं निघाली आणि त्यांच्या थोड्या थोड्या वर्गणीतून दहा वर्षं मदत द्यायचं ठरलं. त्यातून ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन उघडलं. पुढे १८९३ मध्ये धर्मांतराच्या वादावरून न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर यांच्यासारखे मोठमोठे सल्लागार बाजूला झाले, पालकांनी मुली काढून नेल्या. कोण बरोबर, कोण चूक, हा वाद आजही संपलेला नाही आणि मला त्यात पडायचं नाही. मला एवढंच दिसतं की इतके वजनदार हात निघून गेल्यावरही सदन बंद पडलं नाही. दूरच्या त्या लहान लहान वर्गण्यांचा आधार होता, हे त्याचं एक कारण.

दुसऱ्या पार्वतीबाई आठवले, महर्षी कर्व्यांच्या मेहुणी. स्वतः विधवा, वयात आल्यावर शिकलेल्या, इंग्रजी बेताचंच. आश्रमासाठी गावोगाव भाषणं करून वर्गणी गोळा करायच्या. १९१८ मध्ये तर एकट्या अमेरिकेला गेल्या आणि तिथे घरकाम करत दिवस काढले. आपण मात्र शेजारच्या आळीत पावतीपुस्तक घेऊन जायला चार जणी लागतो!

असो. आम्ही परत बसलो. या वेळी प्रायोजक नको, फ्लेक्स नको, सत्कार नको. तिकीट लावायचं. आमच्यातल्याच दोघी म्हणाल्या की कुणी येणार नाही. मलाही तसंच वाटत होतं, पण मी बोलले नाही.

वक्ता कोण, यावरही बराच खल झाला. टीव्हीवर दिसणारं कुणी परवडणार नव्हतं, आणि खरं तर नकोही होतं. शेवटी बारामतीच्या एका स्त्रीरोगतज्ज्ञ डॉक्टरबाईंना विचारलं. विषय, पाळी जाताना शरीरात काय होतं. ‘रजोनिवृत्ती’ हा शब्द तिकिटावर टाकला असता तर कुणालाच कळला नसता, म्हणून ‘चाळिशीनंतर बाईचं आरोग्य’ असं लिहिलं. फक्त बायकांसाठी. वेळ दुपारी चार, कारण सहानंतर डेअरीला दूध घालायची घाई.

एकशे सेहेचाळीस तिकिटं गेली. दोन हजार नऊशे वीस रुपये. चहा-बिस्किटांना नऊशे, माईकला सातशे. डॉक्टरबाईंनी गाडीखर्चही घेतला नाही. शिल्लक तेराशे वीस.

हसू नका. मी पण आधी हिरमुसलेच. एक लाख पंधरा हजारांपुढे तेराशे वीस म्हणजे समुद्रात लोटा. पण त्या दुपारी काय झालं ते ऐका. डॉक्टरबाई चाळीस मिनिटं बोलल्या आणि मग दीड तास प्रश्न चालले. अंगातून वाफा निघतात ते का? पिशवी काढलीच पाहिजे का? ‘‘मला पस्तिसाव्या वर्षी काढायला लावली, ते बरोबर होतं का?’’ असं एकीनं उभं राहून विचारलं तेव्हा सभागृहात टाचणी पडली तर ऐकू आली असती. ज्या बायका पुढाऱ्याच्या कार्यक्रमात भिंतीला टेकून उभ्या होत्या, त्या पुढे सरकून बसल्या होत्या. आक्का पहिल्या रांगेत. आणि त्यांच्या शेजारी गावातल्या तिघी-चौघी विधवा बायका, ज्यांना आपण संक्रांतीच्या हळदीकुंकवाला बोलवत नाही. तिकिटावर कुंकवाचा रकाना नसतो ना! कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावानं मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, त्याचं आम्ही वाचनालयात जाहीर वाचन केलं होतं, टाळ्या वाजवल्या होत्या. पण त्या बायका पहिल्या रांगेत येऊन बसल्या त्या वीस रुपयांच्या तिकिटावर.

चारच्या वेळेनं एक घोटाळा केला होता. खुरपणीला जाणाऱ्या आणि शाळेतल्या शिक्षिका येऊ शकल्या नाहीत. म्हणून पुढचा कार्यक्रम जेवणं उरकून रात्री साडेआठला ठेवला. दहा वाजता स्पीकर बंद करावाच लागतो, हा नियम आमच्या पथ्यावरच पडला, कारण त्यामुळे लांबण लागत नाही. पोरं कोण सांभाळणार, हा प्रश्न होता. काही नवऱ्यांनी सांभाळली. काहींनी लेकरं आईच्या मांडीवर आणून ठेवली आणि पारावर जाऊन बसले.

विषय होता, सात-बाऱ्यावर बाईचं नाव.

आता खरी परीक्षा सुरू झाली. विषय बाहेर फुटला आणि दुसऱ्याच दिवशी घरी निरोप आला, ‘‘आरोग्याचं चांगलं होतं, तसलंच काहीतरी ठेवा. हे भावा-बहिणीत भांडणं लावायचं काम कशाला?’’ निरोप देणारे वडीलधारे, सज्जन गृहस्थ. मी नाव घेणार नाही. दोन दिवसांनी समाजमंदिराची किल्ली सापडेना. ज्यांच्याकडे असते ते परगावी गेले होते म्हणे. पहिल्या कार्यक्रमासारखा प्रायोजक असता ना, तर त्यांचा एक फोन आला असता आणि आम्ही निमूट ‘आनंदी संसाराची सूत्रे’ असा विषय ठेवला असता. मी शपथेवर सांगते, ठेवला असता. दुसऱ्याच्या मांडवात बसून आपला विषय मांडता येत नाही. पण तोवर दीडशेवर तिकिटं विकली गेली होती. बायका मला वाटेत अडवून विचारायला लागल्या, ‘‘ताई, कार्यक्रम हाय ना? आम्ही पैसं भरल्यात.’’

पैसं भरल्यात! आक्कांच्या प्रश्नाचं उत्तर मला इथे मिळालं. फुकट आलेली बाई कार्यक्रम रद्द झाला तर घरी जाते. तिकीट काढलेली बाई विचारते, का रद्द झाला? सरपंचबाई स्वतः उठल्या आणि दुसरी किल्ली शोधून काढली. कुठून, ते त्यांनी आजवर सांगितलेलं नाही.

वकीलबाई बोलल्या ते सगळं इथे लिहीत नाही, पण थोडं सांगितलंच पाहिजे. वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलासारखा जन्मतः हक्क आहे. महाराष्ट्रानं १९९४ मध्ये कायदा बदलला, पण तो तेव्हा लग्न न झालेल्या मुलींपुरता. २००५ च्या दुरुस्तीनं देशभर लग्न झालेल्या-न झालेल्या सगळ्या मुलींना हक्क दिला, आणि सर्वोच्च न्यायालयानं ऑगस्ट २०२० मध्ये स्पष्ट केलं की २००५ साली वडील हयात असलेच पाहिजेत असं नाही. आधीच रीतसर झालेल्या वाटण्या मात्र उकरता येत नाहीत. हक्कसोडपत्रावर सही करण्याआधी ते वाचून घ्या, ‘नुसता अंगठा दे’ म्हटलं म्हणून देऊ नका. आणि नवऱ्याच्या संमतीनं बायकोचं नाव सात-बाऱ्यावर लावायची लक्ष्मीमुक्ती योजना १९९२ पासून आहे, ती कितीजणींना माहीत होती? हात वर झाले ते मोजून नऊ. सभागृहात होत्या दोनशे बारा.

आणि खिडक्यांत पुरुष! बाहेर अंधारात उभे राहून गपचूप ऐकत होते. आक्कांच्या ते लक्षात आलं. त्या उठल्या, माझ्या हातातलं तिकीट बुक घेतलं आणि खिडकीपाशी जाऊन म्हणाल्या, ‘‘ऐकायचं आसंल तर वीस रुपयं. आत या न्हायतर भाहिर ऱ्हावा, पर पैसं द्या.’’ सतरा तिकिटं खिडकीतून गेली. त्यातलं एक, किल्ली ज्यांच्याकडे असते त्यांच्या धाकट्या भावाचं.

हिशेब सांगते, कारण हिशेब सांगणं हाच या सगळ्याचा कणा आहे. तिकिटांचे चार हजार पाचशे ऐंशी. वकीलबाईंना मानधन एक हजार, गाडीखर्च पाचशे, माईक सातशे, चहा अकराशे. शिल्लक बाराशे ऐंशी. मानधनावरून आमच्यात वाद झाला. ‘‘सामाजिक कामाचे कसले पैसे?’’ असं एक जण म्हणाली. मला हे पटत नाही. वकीलबाई दिवसभर कोर्टात उभं राहून रात्री तीस किलोमीटर आल्या. डॉक्टरबाईंनी घेतलं नाही हा त्यांचा मोठेपणा, पण तो आपण गृहीत का धरायचा? बाईच्या स्वयंपाकाला, बाईच्या शिवणाला, बाईच्या सल्ल्याला ‘घरचंच आहे’ म्हणून आपणच फुकट ठरवत आलो. थोडं का होईना, पाकीट द्यावं, आणि आधी आकडा सांगून द्यावं. त्यांनी परत केलं तर त्यांच्या नावाची पावती फाडावी.

दोन्ही कार्यक्रमांच्या शेवटी मी पै न् पै वाचून दाखवली. बिस्किटाच्या पुड्यांची संख्यासुद्धा. गावात जाहीरपणे हिशेब वाचून दाखवायची पद्धत कमी. त्यामुळे बायका आधी हसल्या, मग कान देऊन ऐकायला लागल्या. आणि त्यानंतर तो पैसा यायला लागला जो तिकिटात कधीच आला नसता. एका बचत गटानं व्याजातले पाच हजार दिले. चौसष्ट जणींनी संक्रांतीला वाण न लुटता त्याचे पैसे दिले. किती वर्षं प्लॅस्टिकचे डबे एकमेकींच्या घरी फिरवत होतो! भिगवणकडे दिलेली एक माहेरवाशीण आईला भेटायला आली आणि पाचशेची नोट ठेवून गेली, म्हणाली, ‘‘मला अभ्यासाला जागा नव्हती.’’ कुणीतरी सिमेंटची वीस पोती पाठवली, नाव सांगायचं नाही या अटीवर. मला संशय आहे कोण, पण अट ती अट. ही सगळी देणगी नोंदणी असलेल्या वाचनालयाच्या पावतीवर घेतली. तुम्हीही हे करणार असाल तर आधी धर्मादाय कार्यालयात चौकशी करा. लोकांकडून वर्गणी गोळा करायला परवानगी लागते, गणेश मंडळांनाही लागते. नंतर कुणी बोट दाखवायला नको.

आजवर तिकिटाचे चार कार्यक्रम झाले. तिकिटांतून सगळा खर्च जाऊन सहा हजार एकशे चाळीस, देणग्यांचे सत्तेचाळीस हजार पाचशे. अजून निम्म्याहून जास्त बाकी आहे.

एक गोष्ट मला टोचते, तीही सांगून टाकते. तिकिटामुळे काही बायका आल्याच नाहीत. ऊसतोडीच्या टोळ्यांतल्या बायका कारखान्याच्या हंगामात आमच्या शिवारातच खोपटी करून राहतात. पिशवी काढण्याचा प्रश्न तर आमच्याहून त्यांचा जास्त. तिकीट नसलं तरी या, असा निरोप पाठवला होता. एकही आली नाही. पहाटे तीनला उठून फडात जाणारी बाई रात्री साडेआठला भाषण ऐकायला कशी येईल? तिथे वीस रुपयांचा प्रश्नच नव्हता. त्यांच्याकडे आपणच डॉक्टरबाईंना घेऊन जायला हवं, फडाच्या बांधावर, सुट्टीच्या दिवशी. तिथे तिकीट नाही, सभागृह नाही. तो खर्च या शिलकीतून करायचा का, यावर आमच्यात अजून एकमत नाही. काही जणी म्हणतात, आधी आपल्या पोरींचा संडास. मी म्हणते, एका गाडीखर्चानं संडास अडत नाही. पुढच्या बैठकीत मतं मोजू.

शोषखड्डा खणून झाला आहे. भिंती कमरेएवढ्या आल्या आहेत. पोरी सध्या शेजारच्या आक्कांकडे जातात. आक्कांनी मागचं दार दिवसभर उघडं ठेवलं आहे आणि ‘‘पानी पीत जावा गं’’ म्हणून ओरडत असतात.

पुढचा कार्यक्रम येत्या पौर्णिमेच्या आदल्या दिवशी. एका बँक अधिकारी बाईंना बोलावलं आहे. विषय, नवऱ्याच्या कर्जाला जामीन राहताना. घरी निरोप यायला सुरुवात झाली आहे. तिकीट या खेपेला पंचवीस रुपये करावं असं मी सुचवलं, तर आक्का म्हणाल्या, ‘‘तीस कर. आन् खिडकीचं चाळीस.’’